चार दिवस उशिरा गेलेली वही

माझी मैत्रीण आमदार झाली त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले आणि दुपारी घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून आडवी झाले. डोकं अजिबात दुखत नव्हतं. नवरा वाशिंदच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला. दारातूनच त्याने विचारलं, "काय गो, मैत्रीण निवडून आली ना? मग अशी का झोपली?" मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्याने बामची बाटली उशाशी ठेवली आणि तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

आता लिहायला बसलेच आहे तर सरळ लिहिते. मला तिचा हेवा वाटत होता. आणि तो काही त्या दिवशी सुरू झाला नव्हता.

आम्ही दोघी शिक्षिका व्हायला एकाच अध्यापक विद्यालयात शिकलो. मी किन्हवलीजवळच्या भातशेतीवाल्या घरातली. वक्तृत्वाच्या स्पर्धेत पहिली यायची मला सवय होती. ती डोंगरातल्या पाड्यावरची. तिच्या घरची बोली वेगळी, त्यामुळे वर्गात उत्तर येत असूनही ती गप्प बसायची. तिचे निबंध मी तपासून द्यायची, काना-मात्रा सुधारायची. "शिक्शन नाही, शिक्षण. ष नीट म्हण," असं मी तिला शंभरदा सांगितलं असेल. तिचं मराठी मी घडवलं, असं मी तेव्हा मैत्रिणींत म्हणत असे. मनातल्या मनात अजूनही म्हणते.

नोकरी लागली तीही दोघींना एकाच दोन-शिक्षकी शाळेत, मुरबाडच्या बाजूच्या एका पाड्यावर. एस.टी.तून फाट्यावर उतरायचं आणि तासाभराचा डोंगर चढायचा. पहिल्याच आठवड्यात माझ्या वर्गात एका पोराने चड्डी ओली केली. बाहेर जाऊ का, हे मला समजेल अशा भाषेत कसं विचारायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या मैत्रिणीने त्याला उचललं, मागे नेऊन धुतलं, आपल्या पिशवीतला टॉवेल त्याला गुंडाळला. मग येऊन मला त्यांच्या बोलीतला तो एक शब्द शिकवला. एवढंच. बोल लावला नाही, काही नाही. मला त्या पोराचा राग आला नाही. तिचा आला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वर्गातली पोरंसुद्धा मधल्या सुट्टीत तिच्याभोवती जमायची आणि मी ओट्यावर एकटी बसून डबा खायची.

चार वर्षांनी तिचं लग्न झालं आणि ती उत्तरेला गेली, नाशिकच्याही पलीकडे, गुजरातला लागून असलेल्या डोंगराळ भागात. नोकरी सुटली. तिथे ती बायकांच्या बैठका घेऊ लागली, वनजमिनीचे अर्ज भरून देऊ लागली. पंचायत समितीवर गेली, मग जिल्हा परिषदेवर, आणि मग तिथल्याच मतदारसंघातून विधानसभेवर. मी इथेच राहिले. दोन-तीन बदल्या होऊन फिरून त्याच पाड्यावर आले.

त्या काळात मी एक वही लिहीत होते. जाड पुठ्ठ्याची, लांब वही. कुठलं मूल कधी शाळेत आलं, कधी गेलं, का गेलं. ओहोळाला पाणी आलं म्हणून किती दिवस कुणी येऊ शकलं नाही. शिक्षकांना निवडणुकीच्या कामाला धाडलं म्हणून शाळा कधी बंद राहिली. मागच्या पानांवर पाड्यातल्या लोकांच्या कोर्टाच्या तारखा, कारण तारखेचा कागद वाचून घ्यायला सगळे माझ्याकडेच यायचे. वही लिही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यातलं उतरवून मी वरच्या कार्यालयांना अर्ज करायची, आणि पोच मिळाली की शिक्का मारलेली प्रत वहीतच चिकटवायची. पोचच्या पुढे काही आलं नाही.

पाड्यात विहिरीच्या वरच्या अंगाला एक बाई राहायची. नवरा साप चावून गेलेला. घरात म्हातारी सासू आणि एक मुलगी, तेव्हा माझ्याकडे पहिलीत. उतारावरचा नाचणी-वरीचा एक तुकडा सासऱ्याच्या आधीपासून त्यांच्या हातात होता. एका वर्षी बाहेरच्या कुणी तिथे तारेचं कुंपण घातलं, म्हणाला, जागा मी घेतलीय. बाईने दावा लावला. तारखेला जायचं म्हणजे पहाटेच डोंगर उतरायला लागायचं. मी रजा टाकून तिच्याबरोबर जायची.

त्या बाईला सगळा पाडा एका नावाने हाक मारायचा, आणि कागदावर तिचं नाव भलतंच होतं. मतदारयादी करणाऱ्याने काय विचारलं, तिने काय सांगितलं आणि त्याने काय ऐकलं, देव जाणे. तेच चुकीचं नाव रेशनकार्डावर गेलं, तेच वकिलाच्या कागदांवर. मुलीला शाळेत दाखल करताना मी ते पाहिलं होतं, म्हणून मला माहीत होतं. बाईच्या लेखी ते दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

एका तारखेला वकिलाने एका कागदाची झेरॉक्स मागितली. मी बाईला कोर्टाच्या आवारात आंब्याखाली बसवलं आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात गेले. तिथे गर्दी. परत येऊन फाटकात पाय टाकते तो वरच्या व्हरांड्यातून पट्टेवाल्याचा पुकारा ऐकू आला. तिसरा पुकारा होता. नाव कानावर पडलं, पण ते आमच्या बाईचं, हे डोक्यात शिरायला क्षणभर गेला. मी धावत जिना चढले तोवर पुढच्या दाव्याचा पुकारा झाला होता. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला. वादी गैरहजर म्हणून दावा निकाली निघाला होता.

खाली आले तर बाई तशीच आंब्याखाली, पिशवी मांडीवर घेऊन.

"बाय, आमचा नंबर कवा यील?" तिने विचारलं.

त्या संध्याकाळी मी मैत्रिणीला फोन केला. तेव्हा ती जिल्हा परिषदेवर होती. मी रडत होते. "तिला तिच्या नावाने कुणी हाकच मारली नाही गं," मी म्हणाले. तिने मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, "उद्याच वकिलाला सांग, दावा पुन्हा पटावर घ्यायचा अर्ज टाकायला. मुदत असते त्याला." अर्ज टाकला. त्यालाही तारखा पडत राहिल्या.

ती आमदार झाल्यानंतरच्या मार्चमधली गोष्ट. मुंबईत अधिवेशन चालू होतं. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, खाली हात जोडल्याची चित्रंच चित्रं. सभागृहात माझी मैत्रीण उभी होती. हिरवी सुती साडी, केस घट्ट बांधलेले, हातात कागद नाही.

"अध्यक्ष महोदय," ती म्हणत होती, "एक बाई कोर्टाच्या आवारात दिवसभर बसली. पुकारा झाला, पण तिला तिच्या नावाने कुणी हाकच मारली नाही. तिची मुलगी ज्या शाळेत आईचं नाव लिहायला शिकते, ती शाळा तुम्ही पट कमी म्हणून बंद करणार. मग ह्या बाईचे कागद तिला वाचून कोण दाखवणार? आमच्या डोंगरातल्या लोकांना शिक्शनही लांब आणि न्यायही लांब. दोन्हीला चालतच जायचं का, अध्यक्ष महोदय?"

घंटा वाजली. बाकं वाजली. व्हिडिओ संपला.

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने तो तीनदा लावला. "काय बोलली रे बाबा!" तो भाकरी मोडत म्हणाला. "ही आपल्या इथलीच गोष्ट ना?"

"इथलीच."

"तिला कुठं भेटली ती बाई?"

"तिला नाही भेटली. मी गेले होते बाईबरोबर. मी सांगितलं तिला."

"मग तुझं कायच नाय बोलली?"

त्याने सहज विचारलं आणि वरणाची वाटी पुढे केली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या दोन दिवसांत मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगायची लाज वाटते. ती "शिक्शन" म्हणाली तिथे मी थांबवून पुन्हा ऐकायची. ग्रुपवर कुणालाच ती चूक दिसली नव्हती. आमच्याच केंद्रातल्या एका गुरुजींनी लिहिलं होतं, "अशी तळमळ हवी!" बारा वर्षं मी तळमळत होते, तेव्हा हे गुरुजी मला म्हणायचे, "बाई, कशाला डोक्याला ताप करून घेता?"

सोमवारी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"गो, ऐक. मंत्री म्हणाले, अशी एखादी शाळा तरी दाखवा. शुक्रवारी माझी लक्षवेधी लागलीय." सरकारचं लक्ष एखाद्या विषयाकडे वेधायची जी सूचना असते तिला ते लक्षवेधी म्हणतात. "तुझी ती वही आहे ना, तीच मला पाहिजे. पोरांची पानं आणि मागच्या कोर्टाच्या तारखा. मोबाईलवर फोटो काढून पाठव. उद्या संध्याकाळपर्यंत जमेल?"

"वही शाळेत आहे," मी म्हणाले.

वही माझ्यासमोरच्या लोखंडी कपाटात होती, साड्यांच्या घडीखाली.

"मग उद्या आण."

"बघते."

मंगळवारी मी शाळेत जाऊन आले. संध्याकाळी तिचे दोन फोन वाजले, मी उचलले नाहीत. नंतर तिला निरोप लिहिला, "रेंज नाही." बुधवारी कपाट उघडून वही बाहेर काढली. पलंगावर बसून चाळली. एका पावसाळ्यात भिजलेली पानं मी इस्त्री फिरवून सरळ केली होती, ती अजून कडक होती. माझं अक्षर सुरुवातीला किती गोल होतं आणि पुढे कसं घाईचं झालं, ते दिसत होतं. मनात आलं, हे सगळं मी लिहिलं, आणि ती दोन मिनिटांत वाचून मोकळी होणार. बाकं तिच्यासाठी वाजणार. मी वही परत साड्यांखाली ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. आमच्या घरात त्या कपाटाला कधीच किल्ली लावलेली नसते.

गुरुवारी तिचा एकच शब्द आला. "वही?"

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून घरी आले आणि मोबाईलवर अधिवेशन लावलं. तिचा नंबर आला. ती उभी राहिली, पण ह्या वेळी तिला शब्द सुचत नव्हते असं मला दिसलं. पूर्वीचंच थोडं वेगळ्या शब्दांत बोलली. मंत्री उठले, शांतपणे म्हणाले की सन्माननीय सदस्यांनी नेमकी शाळा आणि नेमकी माहिती दिली तर जरूर तपासून घेऊ. ती म्हणाली, "माहिती येतेय, अध्यक्ष महोदय." समोरून कुणीतरी हसलं. पुढचा विषय पुकारला गेला.

मला बरं वाटलं. हे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. तिची फजिती झाली आणि मला बरं वाटलं. चुलीवर चहा होता. ते बरं वाटणं चहा पिऊन होईपर्यंत टिकलं. मग मी कप तसाच ठेवून कपाट उघडलं, पण तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवले. तिचं उत्तर लगेच आलं. "मिळाली. केवढं काम करून ठेवलंयस गो तू! आता पुढच्या अधिवेशनात बघू. रेंजचा त्रास मला काय माहीत नाय?"

तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीच आदेश आला. पाड्यावरची शाळा खालच्या गावातल्या शाळेत विलीन. पटावर नऊ मुलं होती. त्या शुक्रवारी वही तिच्या हातात असती तर आदेश थांबला असता का, मला ठाऊक नाही. कदाचित नसताही थांबला. पण ते कळायची वाटच मी बंद केली होती. मला किन्हवलीतली शाळा मिळाली, घरापासून चालत दहा मिनिटांवर. नातेवाइकांनी अभिनंदन केलं. "सुटलात बाई डोंगरातनं," शेजारीण म्हणाली.

पावसाळी अधिवेशनात माझ्या मैत्रिणीला त्या विषयावर बोलायची वेळ मिळाली नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी पाड्यावर गेले. शाळेच्या ओट्यावर कुणीतरी भाताचा पेंढा रचला होता. विहिरीच्या वर गेले तर त्या बाईचं दार बंद, आणि दाराला काट्याची फांदी आडवी लावलेली. घरातली माणसं बाहेरगावी गेली की तिथे अशी फांदी लावतात. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली.

"इटांच्या भट्टीवं गेली ती," म्हातारी म्हणाली. "पोरीला बी नेली."

"पोरीला का? ती तर दर वर्षी आजीपाशी राहायची ना?"

"आजी व्हती, शाळा दारात व्हती, तवा राहायची. आता आजीला दिसत नाय. वहाळ वलांडून पोरीला कोन धाडील आन कोन आनील? आजीला बी धाडली लेकीकडं." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुमी कवा परत यल, बाय?"

मी पायवाटेला लागले. डोंगर उतरताना मध्येच बसले. फाट्यावरची एस.टी. चुकली.

दुसऱ्याच आठवड्यात मैत्रीण मुंबईहून तिच्या मतदारसंघाकडे जाणार होती. मी तिला कळवलं, शहापूरला थांब, महत्त्वाचं आहे. महामार्गालगतच्या एका हॉटेलात आम्ही भेटलो. तिच्याबरोबरचे दोघे पलीकडच्या टेबलावर जाऊन बसले. तिने माझा हात हातात घेतला, म्हणाली, "बारीक झालीस." मला ते सहन झालं नाही.

"वही घरातच होती," मी म्हणाले. "मार्चमध्ये. कपाटात होती. रेंज होती. मी मुद्दाम नाही पाठवली."

तिला आधी कळलंच नाही. "कुठली रेंज?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. सोमवारपासून शनिवारपर्यंत. चहासुद्धा सांगितला.

"का?" तिने विचारलं.

"जळले तुझ्यावर."

तिने हात काढून घेतला. वेटर भज्यांची बशी ठेवून गेला. ती इतक्या हळू बोलू लागली की मला पुढे वाकावं लागलं.

"माझ्यावर जळलीस ना? मग मला शिव्या घालायच्यास. फोन करून म्हणायचंस, तू चोर आहेस, माझी गोष्ट घेतलीस. मी ऐकून घेतलं असतं. पोरांची शाळा कशाला मध्ये घेतलीस?"

"तू माझा उल्लेखही केला नाहीस," मी म्हणाले. एवढं झाल्यावरही माझ्या तोंडून हेच आलं.

"दोन मिनिटं मिळतात तिथं. घंटा वाजते. दोन मिनिटांत तुझं सांगू की तिचं?" मग तिने पदराने तोंड पुसलं. "आणि खरं सांगू? लक्षातच नाय आलं. तुझ्याकडून ऐकलं हे विसरूनच गेले. मी तिथं होते असंच मला वाटायला लागलंय."

आम्ही दोघीही भज्यांना हात न लावता बसलो. मला वाटलं आता ती उठून जाईल. पण तिने पिशवीतून चष्मा काढला, मोबाईल काढला.

"ती पोरगी कुठल्या भट्टीवर आहे, माहीत आहे?"

"शोधते."

"शोध. आणि वही मला फोटो नको, खरीच दे. नागपूरला नेते."

मी वही बरोबर आणली होती. टेबलावर ठेवली. तिने पहिलं पान उघडलं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज मी तुझ्याशी जास्त बोलू शकणार नाय." आणि खरंच ती उठून गेली. भज्यांचे पैसे तिच्या माणसाने दिले.

भट्टी वाशिंदच्या पुढे, खाडीच्या बाजूला सापडली. नवऱ्याच्या मोटरसायकलवर आम्ही गेलो. मुलगी कच्च्या विटा उलट्या करत होती. एका बाजूने सुकल्या की दुसरी बाजू उन्हाला लावायची. मला बघून पळाली नाही की जवळ आली नाही. हातातलं काम संपवून मग उभी राहिली. आईने मडक्यातलं पाणी दिलं. हंगाम संपेपर्यंत त्यांना तिथून हलता येणार नव्हतं, आणि मुलीला माझ्या घरी ठेवायला आई तयार नव्हती. "मना पोरीबिगर झोप नाय येत, बाय," ती म्हणाली, आणि मला ते पटलं. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं. ते दाखवलं की जवळच्या कुठल्याही शाळेत बसता येतं. मी ते कार्ड करून आणलं आणि भट्टीपासून जवळच्या शाळेत मुलीला चौथीत बसवलं. तिथल्या बाई चांगल्या होत्या. तरी मुलगी आठवड्यातून तीन दिवस जायची, तीन दिवस विटा उलटायची. यापेक्षा जास्त मला करता आलं नाही.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात माझी मैत्रीण माझी वही हातात धरून उभी राहिली. मी किन्हवलीच्या शाळेतल्या ऑफिसात मोबाईलवर बघत होते. तिने पानं उलटत नऊच्या नऊ मुलांची हकीकत सांगितली. कुठलं मूल आज कुठल्या भट्टीवर, कुठल्या गुरांमागे. मागच्या पानांवरून कोर्टाच्या तारखा वाचल्या, आणि मागणी केली की ज्या कोर्टात डोंगरातले लोक येतात तिथे त्यांची बोली जाणणारं माणूस बसवा. घंटा वाजली तशी ती म्हणाली, "शेवटचं वाक्य. ही वही मी लिहिलेली नाही. एका शिक्शिकेने बारा वर्षं लिहिली, आणि तिच्या एकाही अर्जाला कुणी उत्तर दिलं नाही."

माझे कान गरम झाले. मी ऑफिसात इकडेतिकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. मी तो घाईघाईने उघडला. कापणाऱ्याने तो घंटेपाशी कापला होता. शेवटचं वाक्य नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, "पुढे ती माझ्याबद्दल बोलली." तो म्हणाला, "हो का? बरं झालं," आणि पंप चालू करायला गेला. त्याने विश्वास ठेवला नसावा असं मला आजही वाटतं.

पुढच्या जूनमध्ये पाड्यावरची शाळा पुन्हा उघडली, एकशिक्षकी. मी विनंती बदली मागून तिथे गेले. उद्घाटनाला माझी मैत्रीण आली. खरं तर तिचा हा मतदारसंघ नव्हे, पण लोकांनी तिलाच बोलावलं. पाड्यातल्या बायका ढोल घेऊन अर्ध्या डोंगरापर्यंत तिला आणायला गेल्या. विहिरीच्या वरची ती बाई झेंडूचा हार घेऊन माझ्या अंगावरून पुढे गेली आणि तिने तो आमदाराच्या गळ्यात घातला. मी सतरंजीची टोकं सरळ करत राहिले. काय करणार? वाटायचं ते वाटलंच.

ती मुलगी परत आली आहे. चौथी झालीय, पण पाचवीचं पुस्तक ती चौथीतल्या मुलांच्या रांगेत बसून वाचते, कारण पाचवीचा वर्ग इथे नाही. तिच्या आईचा दावा पुन्हा पटावर आला. मुरबाडला बाजाराच्या दिवशी कायदेशीर मदतीचं शिबिर भरायला लागलंय. तिथे पाड्यातलीच एक बारावी झालेली सून बसते आणि कागदातलं त्यांच्या बोलीत समजावते. बाईने प्रतिज्ञापत्र करून दोन्ही नावं आपलीच असल्याचं लिहून दिलं. कुंपण मात्र अजून तिथेच आहे. निकाल लागायचाय.

माझी आणि माझ्या मैत्रिणीची बोलचाल पूर्वीसारखी नाही. ती कामापुरता फोन करते. मी माहिती त्याच दिवशी पाठवते, कधीकधी तासाभरात. मग दिवसभर मोबाईल बघत राहते की आणखी काही लिहिलं का. बहुतेक वेळा "मिळालं" एवढंच असतं. शहापूरच्या त्या दिवसानंतर तिने मला पुन्हा कधी "गो" म्हटलेलं नाही.

पुढच्या निवडणुकीत ती परत उभी राहणार आहे. मला तिला मत देता येणार नाही, माझं नाव इथल्या यादीत. मतमोजणीच्या दिवशी मी रजा टाकणार आहे हे मी आत्ताच ठरवलंय. ती मागे पडली असं दिसलं तर माझ्या मनात काय येईल ते मला चांगलं माहीत आहे, आणि ते आलं की मी स्वतःला काय म्हणेन तेही. ती निवडून यावी, एवढं मी नवऱ्याच्या देखत मोठ्याने म्हणून ठेवलं आहे.